भांडुपचा वन बीएचके, हातात लाखभर रुपये : नवं काय घ्यावं, जुनं काय?

भांडुपची_सई

नमस्कार मंडळी. भांडुप पश्चिमेला नव्या टॉवरमध्ये घराचा ताबा मिळाला. सोळावा मजला, 412 चौरस फूट कारपेट. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, सोसायटीचं आगाऊ मेंटेनन्स हे सगळं भरून हातात साधारण लाखभर उरलेत आणि कर्जाचा हप्ता सुरू झालाय. एका इंटिरियरवाल्याने साडेसहा लाखांचं कोटेशन दिलं, त्यात नुसती टीव्हीमागची भिंत 70 हजारांची. आम्ही त्यांचा चहा पिऊन परत आलो.

राहणार आम्ही दोघं, सासूबाई आणि पाचवीतली मुलगी. सध्याच्या भाड्याच्या घरातलं फर्निचर घरमालकाचं. आमचं म्हणून फ्रिज, वॉशिंग मशीन आणि पुस्तकांची खोकी. म्हणजे पलंग, कपाटं, हॉलमध्ये सासूबाईंना झोपता येईल असं काहीतरी, जेवायला टेबल, मुलीला अभ्यासाला जागा, सगळंच हवंय.

जुन्यासाठी ओशिवऱ्याच्या बाजारात जावं की नव्यासाठी उल्हासनगरच्या? जुना पलंग घेतला तर ढेकणांचं काय? घरी सुतार बसवणं परवडतं का? सासूबाईंचं म्हणणं, दुसऱ्याच्या वापरलेल्या पलंगावर मी झोपणार नाही. तेही आहेच.

रंधा

वडिलांचा सुतारकामाचा कारखाना होता, आता मी बघतो. त्यामुळे माझं मत धंद्याच्या बाजूने झुकलेलं समजा.

आधी टेप घ्या आणि लिफ्ट मोजा. दाराची रुंदी, दाराची उंची, आतली खोली आणि आतली उंची. फ्लॅटचा दरवाजा आणि बेडरूमकडे वळतानाची पॅसेजची रुंदीही. हे आकडे खिशात असल्याशिवाय कुठल्याही दुकानात पाय ठेवू नका. मुंबईत वस्तूची किंमत चिठ्ठीवर लिहिलेली नसते, ती सोळाव्या मजल्यावर पोचल्यावर कळते.

सुताराचं म्हणाल तर प्लायवूडचं शीट 8 बाय 4 फुटांचं येतं आणि बहुतेक पॅसेंजर लिफ्टमध्ये ते जात नाही. एकतर सर्व्हिस लिफ्ट हवी, नाहीतर खाली पार्किंगमध्ये मापं काढून कापून वर न्यायचं, नाहीतर जिन्याने. जिन्याने सोळा मजले म्हटलं की हमाल शीटमागे जे मागेल ते द्यावं लागतं. शिवाय दुपारी 1 ते 4 ठोकठाक बंद, रविवारी काम बंद हे सोसायटीचे नियम. सुताराची हजेरी मात्र पूर्ण.

प्लायवूडचं कपाट घरी करून घ्यायचं तर आमच्याकडे उभ्या चौरस फुटावर भाव सांगतात. मटेरियल, सनमाइका, मजुरी धरून साधारण 1300 ते 1600. सात बाय चारचं कपाट म्हणजे 28 चौरस फूट, चाळीस हजारांच्या आसपास. तुमच्या लाखातले चाळीस एका कपाटात घालू नका. भिंतीला बसवायच्या वस्तू वर्षभराने करा. एक पावसाळा घरात काढा, कुठल्या भिंतीला ओल येते ते कळू दे, मग तिथे कपाट ठोका.

पुढे कधी प्लाय घ्याल तेव्हासाठी: शीटवर छापलेला आकडा वाचा. आयएस 303 म्हणजे साधं व्यापारी प्लाय, त्यात एमआर (ओलसर हवा सोसणारं) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारं) असे दोन प्रकार. आयएस 710 म्हणजे मरीन. मरीनची चाचणी 72 तास उकळत्या पाण्यात होते, बीडब्ल्यूआरची 8 तास. बाजारात ‘710’ चा शिक्का कुणीही मारतो, म्हणून आयएसआयच्या खुणेजवळचा सीएम/एल म्हणजे परवाना नंबर सरकारी मानक संस्थेच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा. बेडरूमला मरीन लागत नाही. ते सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाला.

चाळकरी

आमच्या वडिलांनी परळच्या चाळीत गोदरेजचं कपाट गॅलरीतून दोर लावून तिसऱ्या मजल्यावर चढवलं होतं. अख्खी चाळ खाली उभी राहून सूचना देत होती. टॉवरमध्ये सूचना द्यायला तरी कोण येणार?

रिलीफरोड

मी जोगेश्वरीलाच राहतो, ओशिवऱ्याचा बाजार पायाखालचा.

ओशिवऱ्यात तीन प्रकारचा माल मिळतो आणि तिन्ही एकमेकांच्या शेजारी मांडलेले असतात. एक खरंच जुनं: घरं, हॉटेलं, ऑफिसं रिकामी होताना निघालेलं. दुसरं शूटिंगच्या सेटवरचं, ते दिसतं राजेशाही आणि पाठीमागून बघितलं तर पातळ प्लायवर रंग. तिसरं मागच्या गाळ्यात गेल्या महिन्यात बनलेलं आणि गडद पॉलिश मारून ‘अँटिक’ झालेलं. तिसरा प्रकार वाईट असतो असं नाही, फक्त जुन्याच्या भावात घेऊ नका.

ओळखायचं कसं? समोरून बघूच नका. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि त्याची पाठ नि तळ बघा. जुन्या कामात ड्रॉवरचे कोपरे एकमेकांत खाचा घालून जोडलेले असतात, हाताने केलेले, त्यामुळे सगळ्या खाचा अगदी एकसारख्या नसतात. शंभर वर्षांचं म्हणून सांगितलेल्या कपाटाला फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर हसून पुढे चला, तो स्क्रू बाजारात आला 1930 च्या दशकात. निदान तो भाग तरी नंतर बदललाय. पॉलिश न झालेल्या आतल्या बाजूला नख मारून रंग बघा. सागवान आतून सोनेरी-तपकिरी, तेलकट वासाचं. आंब्याचं लाकूड फिकट. दुकानदार दोन्हींना ‘टीक’च म्हणतो.

भाव: पहिला आकडा ऐकून घाबरायचं नाही आणि रागवायचंही नाही. तुमचा आकडा सांगा आणि दुसऱ्या दुकानात जा. गाडीतून उतरून सनग्लास लावून गेलात तर आकडा वेगळा, हे वेगळं सांगायला नको. भांडुपला माल न्यायला जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) आहे, दुपारी टेम्पो भरा, संध्याकाळी अडकाल.

हिशेबी

सगळे जुन्याच्या प्रेमात पडलेत म्हणून उलट बाजू मांडतो. जुना सोफा 8 हजारांना मिळाला. टेम्पो 2 हजार, दोन्हीकडचे हमाल 1500. घरी आल्यावर फोम बसलेला, म्हणजे नवा फोम आणि कापड, मजुरी धरून 9 ते 10 हजार. झाले 21 हजार. तेवढ्यात नवा येतो, घरपोच येतो आणि वॉरंटी मिळते. तुर्भ्याला 2020 मध्ये आयकियाचं फर्निचरचं दुकान उघडलं तेव्हापासून आम्ही बरंच तिथून आणलंय. सपाट खोक्यात येतं, कुठल्याही लिफ्टमध्ये जातं, घरी स्वतः जोडायचं. एवढ्या फायद्यांकडे दुर्लक्ष का?

रंधा

सोफ्याचा हिशेब शंभर टक्के मान्य. अंगाला लागणारी मऊ वस्तू जुनी घेऊ नये, गादी तर अजिबात नाही.

खोक्यात येणाऱ्या फर्निचरबद्दल थोडं सावध. त्याच दुकानात भरीव पाइनचं मिळतं आणि पार्टिकल बोर्डचंही, लेबल वाचून घ्या. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबलेला. त्याला मिनिफिक्स (फळ्या जोडायचा स्क्रू) एकदा घट्ट बसतो. घर बदलताना उघडून परत जोडलं की भोक मोठं होतं आणि स्क्रू फिरत राहतो. आणि कडेची पट्टी निघाली की पावसाळ्यात फुगतो, फुगलेला पुन्हा बसत नाही. पाणी लागत नाही, हलवायचं नाही अशा जागी खुशाल घ्या. मुलीचं पुस्तकांचं रॅक, चपलांचं कपाट. फरशी पुसताना तळाला पाणी लागू नये म्हणून खाली पाय किंवा रबराच्या टोप्या लावा.

गिरगावची_आजी

सई, तुझ्या सासूबाईंचं चुकत नाही गं. आमच्या पिढीला पलंग कुणाचा, कुणी त्यावर शेवटचे दिवस काढले, हे मनात येतंच. त्यांना जुन्या पलंगाचा आग्रह करू नकोस. त्यांच्यासाठी हॉलमध्ये नवा दिवाण घे आणि जुना पलंग तुम्ही वापरा. माझ्या धाकट्या जावेने हेच केलं, घरात शब्द झाला नाही.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे गिरगावात चाळी पाडून टॉवर होताहेत. लोक ट्रान्झिटच्या, म्हणजे टॉवर होईपर्यंतच्या छोट्या जागेत जाताना सागवानी पलंग, आरामखुर्च्या, शिसवी टेबलं अक्षरशः भंगारवाल्याच्या भावात देतात, कारण न्यायचं कुठे? मुलं परदेशात असलेल्या म्हाताऱ्या जोडप्यांचंही तेच. या वस्तू दुकानात पोचण्याआधी त्या घरातूनच उचलायला हव्यात. त्याला ओळखी लागतात. सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप, देवळातली मंडळी, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळीकडे सांगून ठेव की आम्हाला हवंय. मात्र अशा घरी घासाघीस बेताने कर. त्या बाईने त्या पलंगावर संसार केलेला असतो, तिच्यासमोर ‘याला कीड दिसतेय’ म्हणू नये. दिसली तर नको म्हणून निघून ये.

जुनं लोखंडी कपाट मिळालं तर डोळे झाकून घे असं मी म्हणणार नाही, पण वाकून घे. खालचा तळ आणि पाय बघ, गंज तिथूनच लागतो. दार पूर्ण उघडून सोड, आपोआप झुकलं तर बिजागरी गेली. किल्ली नसेल तर काळजी नको, कुलूपवाला करून देतो. नवं करून घेणार असशील तर पत्र्याचा गेज विचार. आकडा लहान तितका पत्रा जाड, 20 गेज चांगला, 24 म्हणजे हाताने दाबला तरी पोचा येईल.

ढेकूणमुक्त

प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून ढेकणांच्या प्रश्नाला उत्तर देणं माझं कर्तव्यच.

जुन्या लाकडात तीन वेगळे जीव असतात आणि लोक तिघांनाही ‘कीड’ म्हणून मोकळे होतात.

ढेकूण लाकूड खात नाहीत, फटीत राहतात. पलंगाच्या उशाकडची फळी जिथे जोडली आहे तो सांधा, स्क्रूची भोकं, फळ्यांच्या खालची बाजू मोबाइलच्या टॉर्चने बघा. शाईच्या टिंबासारखे काळे डाग आणि फिकट पातळ कातीची टरफलं दिसली की ढेकूण आहेत किंवा होते. उपाशीपोटी ते महिनोन्‌महिने काढू शकतात, त्यामुळे ‘वर्षभर गोदामात पडून होता’ या आश्वासनावर विसंबू नका. गच्चीत उन्हात ठेवण्याचा उपाय अर्धवट आहे. 50 अंशांवर ते मरतात, पण लाकडाच्या सांध्याच्या आत तेवढी उष्णता पोचत नाही. पलंग पूर्ण खोलून, सांध्यांवर वाफेचा झोत मारून किंवा फवारणी करून घ्या. फवारणी केली तर दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण औषध अंड्यांपर्यंत नीट पोचत नाही आणि अंडी आठवडा-दीड आठवड्यात फुटतात. हे सगळं घरात आणण्याआधी, पार्किंगमध्ये.

पोखरकिडे लाकूड खातात. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पावडरसारखा मऊ भुसा. वस्तू जोरात हलवा. भुसा ताजा पडला तर आत वस्ती चालू आहे, घेऊ नका. भोकं जुनी, आत धूळ बसलेली आणि भुसा पडत नाही, तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही. सागाच्या गाभ्याला सहसा हात लागत नाही, बाहेरचा पांढरट भाग असतो तो पोखरला जातो. स्वस्त सागवानी वस्तूत हा पांढरा भाग भरपूर असतो.

वाळवी मातीच्या नळ्या करून चालते. वस्तूवर सुकलेल्या मातीच्या रेषा दिसल्या तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, पोकळ लागला तर विषय संपला.

कल्याणकर

उल्हासनगरबद्दल कुणीच बोललं नाही. सईताई, तुम्ही मध्य रेल्वेवरच्या, तुम्हाला ओशिवऱ्यापेक्षा ते सोपं. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर. रिक्षावाल्याला ‘फर्निचर बाजार’ म्हटलं की पुरे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, त्यातून हे गाव आणि ह्या बाजारपेठा उभ्या राहिल्या. धंद्याला पक्के लोक, पण माप देऊन बनवून हवं असेल तर तेच बरे. मुंबईच्या शोरूमपेक्षा स्वस्त, कारण बनतं तिथेच.

एक ध्यानात ठेवा. तिथला माल नवाच असतो आणि आत काय आहे ते दिसत नाही. दिवाण किंवा सोफा घेणार असाल तर कापड लावण्याआधी सांगाडा बघायचा आग्रह धरा. ऑर्डर देऊन करून घेतलंत तर मधे एकदा जाऊन या, किंवा निदान फोटो मागवा. फोम 32 डेन्सिटीचा की 40 चा (आकडा मोठा तितका फोम दाट), हे बिलावर लिहून घ्या. बसायला 32 चालतो, रोज झोपायचं असेल तर 40. बिल पक्कं घेतलं तर 18 टक्के जीएसटी लागेल, तो धरून भाव ठरवा. नाहीतर शेवटी ‘बिल हवं तर वेगळं’ सुरू होतं.

पूर्वी मुलुंडला जकातनाक्यावर टेम्पो थांबायचा, 2017 मध्ये जीएसटी आल्यावर मुंबईची जकात गेली. आता सरळ दारात.

आणि पितृपक्षात जा. गिऱ्हाईक नसतं, भाव उतरतो. दसऱ्याच्या आठवड्यात तोच माणूस तुमच्याकडे बघणारही नाही.

गिरगावची_आजी

पितृपक्षात ऑर्डर दे, घरी घटस्थापनेनंतर आण. दोन्ही साधतं.

लोकलसखी

ऑनलाइन जुनं घेताना-विकताना एक धोका सांगते. माझ्या बहिणीने डायनिंग टेबल विकायला टाकलं. पाच मिनिटांत फोन, ‘मी फौजेत आहे, बदली झाली, न बघताच घेतो’. मग क्यूआर कोड पाठवला, ‘स्कॅन करा, पैसे येतील’. तिने फोन ठेवला. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. कुणी फसलंच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर केला तर रक्कम पुढे सरकते.

घेताना आगाऊ ‘टोकन’ देऊ नका. जाऊन बघा, आवडलं तर तिथेच पैसे, तिथेच टेम्पो. मे महिना चांगला, शाळा संपल्यावर बदल्यांवाली कुटुंबं घरं रिकामी करतात आणि महिनाअखेरीस चावी द्यायची घाई असते.

हिशेबी

भाड्याने फर्निचर घेण्याचा पर्याय? दरमहा हप्ता, नको झालं की परत.

रंधा

दोन वर्षांसाठी आलेल्याला ठीक. हिचं स्वतःचं घर आहे.

भांडुपची_सई

सगळ्यांचे आभार, धागा सासूबाईंना वाचून दाखवला. आजींच्या प्रतिसादावर ‘बघ, कळतं लोकांना’ एवढंच म्हणाल्या, पण दिवाणाचा रंगही ठरवून टाकला.

लिफ्ट मोजली. दार 2 फूट 8 इंच बाय 6 फूट 8 इंच, आत खोली 5 फूट. सर्व्हिस लिफ्ट आहे, पण सामानासाठी सोमवार ते शनिवार 10 ते 5 आणि आधी सोसायटीकडे डिपॉझिट.

आतापर्यंतचा हिशेब असा. मुलुंडच्या एका काकूंकडून ओळखीने सागवानी पलंग मिळाला, 6 बाय 5, खोलून चार भाग होतात, 14 हजार. टॉर्च घेऊन सांधे बघितले (काकू चहा करायला आत गेल्यावर), स्वच्छ आहे. पॉलिशवाल्याने साडेचार सांगितले. गादी नवी, साडेअकरा. लोखंडी कपाट एक जुनं 5 हजारांना, एक नवं 20 गेजचं साडेबारा. उल्हासनगरला 6 बाय अडीचचा दिवाण, खाली सामानाची जागा आणि 40 चा फोम, जीएसटी धरून 16. भिंतीला लागणारं घडीचं टेबल साडेतीन, चार जुन्या खुर्च्या 2400, स्टीलची मांडणी 3 हजार, टेम्पो-हमाल मिळून साडेपाच. सगळे 78 हजारांच्या आत. उरलेल्यात मुलीचं टेबल, पडदे आणि पंखे.

टीव्ही सध्या दोन खिळ्यांवर. स्वयंपाकघरात ट्रॉल्या नकोत, ओट्याखाली कडप्प्याच्या फळ्या बिल्डरने दिल्यात, त्यांना पडदा लावणार.

एक प्रश्न राहिला. पलंगाला पॉलिश आत्ता जुलैतच करून घ्यावं का? आणि कुठलं? पॉलिशवाला मेलामाइन म्हणतोय, काकूंचं म्हणणं जुन्याला हातपॉलिशच शोभतं.

चाळकरी

चहा करायला आत गेल्यावर! आजींनी वाचलं का हे?

गिरगावची_आजी

वाचलं. बरोबर केलं पोरीने.

रंधा

जुलैत नको. चपड्याचं (लाखेचं) हातपॉलिश असो वा मेलामाइन, दमट हवेत ते सुकताना ओलावा अडकतो आणि पांढरट धुरकट चट्टे येतात. पॉलिशवाला म्हणेल ‘हॅलोजनचा दिवा लावून सुकवतो, होऊन जाईल’. काही ठिकाणी होतं, काही ठिकाणी पुन्हा घासायला लागतं. तोपर्यंत पलंग तसाच वापरा, फक्त कोरड्या फडक्याने पुसा आणि भिंतीपासून दोन इंच लांब ठेवा.

काकूंचं ऐका. हातपॉलिश पुढे कधीही थोडंसं घासून परत मारता येतं, मेलामाइनवर ओरखडा गेला की पूर्ण खरवडावं लागतं. फक्त गरम कप थेट ठेवायचा नाही, गोल डाग पडतो. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाला मेलामाइन चालेल, तिथे पाणी, रंग सगळं सांडणार.

सोळाव्या मजल्यावर घासकाम करू देत असतील तर घरी करा, नाहीतर खाली पार्किंगची परवानगी काढा, भुसा शेजाऱ्यांच्या गाड्यांवर बसतो. पाऊस उघडला की सगळे पॉलिशवाले दसरा-दिवाळीच्या कामांत असतात. गणपतीतच त्याला थोडे पैसे देऊन तारीख पक्की करा.